सातपुड्याच्या गोष्टी पहिलीच्या वर्गात येऊ द्या

मा. प्रकल्प अधिकारी,
एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प,
तळोदा, जि. नंदुरबार



तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या तीन तालुक्यांतल्या आश्रमशाळा आपल्या कार्यालयाकडे आहेत. इथल्याच माणसांनी सांगितलेल्या, इथल्याच हातांनी चितारलेल्या, घरच्या बोलीत आणि मराठीत अशा दोन्हींत छापलेल्या गोष्टींची पुस्तकं पुढच्या जूनमध्ये या शाळांच्या पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती पडावीत, ही माझी मागणी आहे. पत्र बंद पाकिटातून आपल्या टेबलावर पोचवता आलं असतं. पण या कामाला गोष्ट सांगणारी आजी लागेल, ती लिहून घेणारा तरुण शिक्षक लागेल, चित्रं काढणारी कॉलेजातली मुलगी लागेल आणि ग्रामसभेचा ठरावही लागेल. त्या सगळ्यांनी हे वाचावं म्हणून उघड लिहितो आहे.

मी तळोदा तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. पहिलीत नव्यानं आलेलं आमच्याकडचं मूल कसं असतं ते आपण शाळाभेटीत पाहिलं असेल. ते गप्प असतं. बाहेरगावाहून आलेला अधिकारी नाव विचारतो, मूल खाली बघतं. शेरेपुस्तकात ‘मुले बुजरी आहेत’ अशी नोंद होते. हेच मूल मधल्या सुट्टीत भावाला हाक मारताना ऐका. डोंगरातल्या झाडांची, पाखरांची, गवताची नावं त्याला ठाऊक असतात. कोणत्या शेळीला कधी पिल्लू झालं, कोणत्या वाटेनं पाण्याला जायचं, पाड्यावर कोण कोणाचं काय लागतं, हे सगळं ते धडाधड सांगतं. फक्त ते देहवालीत सांगतं, पावरीत सांगतं, मावचीत सांगतं. वर्गाचा उंबरठा ओलांडला की ही सहा वर्षांची कमाई बाहेर राहते आणि त्याच्या पाटीवर एकदम तीन ओझी येतात. भाषा नवी, लिपी नवी आणि ज्याविषयी वाचायचं ती वस्तूही नवी. शहरातल्या मुलाला यांतलं एकच ओझं उचलायचं असतं, लिपीचं. वर्षाअखेरीला दोघांना एकाच चाचणीला बसवतो आणि आमच्या पोरांच्या नावापुढे ‘अप्रगत’ लिहितो.

2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता 64.38 टक्के होती, राज्याची 82.34. राज्यात आपला जिल्हा तळाला. 2018 पासून आपण आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहोत. या आकड्यांची कारणं विचारली की गरिबी, स्थलांतर, रस्ते, आईबापाची उदासीनता अशी यादी पुढे येते. त्यात तथ्य आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांबरोबर वर्गातली किती मुलं जातात, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. पण वर्षभर वर्गात बसलेलं मूलही वाचायला का शिकत नाही, याचं उत्तर त्या यादीत सापडत नाही. ते उत्तर मला पुस्तकात दिसतं.

वाचणं म्हणजे अक्षराला अक्षर जोडणं एवढंच असतं, तर बाराखडी घोकून सगळेच वाचू लागले असते. वाचणारं मूल पुढे काय येणार याचा अंदाज बांधत जातं. ‘पहाटे आजी मोहाखाली गेली. तिनं टोपली भरून फुलं वेचली.’ ही वाक्यं आमचं मूल वाचतं तेव्हा ‘टो’ उच्चारतानाच त्याला पुढची टोपली दिसलेली असते, कारण चैतात ते आजीबरोबर त्याच झाडाखाली उभं असतं. अडखळलं तरी अर्थ त्याला पुढे ढकलतो. त्याच मुलापुढे लिफ्टचा, बागेतल्या घसरगुंडीचा किंवा वाढदिवसाच्या केकचा मजकूर ठेवा. त्यानं ‘केक’ ही दोन अक्षरं बरोबर वाचली तरी त्याला हाती काही लागत नाही. वाचण्यातून काही मिळतं हा अनुभव त्याला येतच नाही, आणि ज्या कामातून काही मिळत नाही ते काम सहा वर्षांचं मूल किती दिवस करेल?

लिफ्टची गोष्ट वाईट असते असं मी म्हणत नाही. आमच्या मुलांना लिफ्ट कळली पाहिजे, समुद्र कळला पाहिजे, विमान कळलं पाहिजे. पण आधी त्यांचं वाचन उभं राहू द्या.

आता गोष्टींकडे येतो. तळोद्यात बसून गोष्टींची उणीव आहे असं कोणी म्हणत असेल, तर त्यानं धनत्रयोदशीच्या सुमाराला गावात उभं राहावं. अस्तंबा शिखरावरच्या अश्वत्थाम्याच्या यात्रेला निघालेल्या पोरांचे जथे इथूनच कोठारकडे जातात. अश्वत्थामा अजून सातपुड्यात हिंडतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, डोंगरात वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, ही कथा इथल्या घरोघरी आहे. महाभारतातला अश्वत्थामा शापित आणि भयंकर. सातपुड्यानं त्याला वाट दाखवणारा केलं. एका थोर ग्रंथातल्या पात्राचा स्वभाव आमच्या डोंगरानं बदलला आणि तो बदल कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. रात्रीचा डोंगर, हातातल्या मशाली, कडाक्याची थंडी, पुढे चालणाऱ्या मोठ्या भावाची पाठ: दुसरीच्या मुलासाठी सोळा पानांची गोष्ट यातून सहज उभी राहील.

याहामोगी मातेचं तसंच. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला जाणारी कुटुंबं नव्या टोपलीत नवं धान्य घेऊन निघतात. दुष्काळात माणसांना धान्य पुरवणारी ही माता, राजा पांठा, त्यांचे प्रवास, त्यांची भांडणं, सगळं अजून तोंडी सांगितलं जातं. रोडाली गीतं गाणारी माणसं आहेत. होळीला काठी गावच्या राजवाड्यासमोर मोरपिसांचे टोप घालून, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरू बांधून नाचणारे बुध्ये आहेत. त्यांचा वेश करणाऱ्यानं किती दिवस कोणते नियम पाळायचे, हे त्यांच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. भोंगऱ्या बाजार आहे, वाघदेवाची पूजा आहे, इंदल उत्सव आहे.

आपल्याच तालुक्यातलं मोरवड घ्या. 1930 च्या दशकाच्या अखेरीला तिथल्या गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना एकत्र आणलं, दारू सोडा, स्वच्छ राहा म्हणून सांगितलं आणि ‘आप की जय’ म्हणत माणसं एकमेकांना मान देऊ लागली. इतिहासाच्या पुस्तकात आमची मुलं दूरदूरचे राजे आणि लढाया पाठ करतात. एसटीनं थोड्या वेळात पोचता येईल अशा गावात एक साधा माणूस उभा राहिला आणि त्याच्यामागे डोंगर चालत आला, ही गोष्ट त्यांना शाळेत कोणी सांगत नाही.

आणखी एक ठिकाण आहे, जिथे मला जरा थांबायचं आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली 33 गावं आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांत होतं. त्यांतल्या अनेक कुटुंबांना तळोदा तालुक्यात वनजमीन मोकळी करून वसवलं गेलं. सोमावल, रोझवा, रेवानगर ही नावं आपल्या कागदांत रोज येत असतील. तिथल्या पहिलीतल्या मुलांनी नर्मदा काठावरचं गाव पाहिलेलं नाही. त्यांचा जन्म सपाटीवरच्या ओळीतल्या घरात झाला. पण त्यांच्या आजोबांना नदीचा प्रत्येक डोह माहीत आहे, कोणता मासा कोणत्या महिन्यात मिळे, पावसाळ्यात पलीकडच्या तीरावर कसं जात, भांडण झालं की पंच कुठल्या झाडाखाली बसत. ही माणसं आता थकली आहेत. दहा वर्षांनी त्यांना विचारायला जाऊ म्हणाल तर विचारायला कोणी उरणार नाही. पुनर्वसनाच्या फायलींत जमिनीचा हिशेब आहे, झाडांचा आहे, घरांचाही आहे. एका आजोबानं नातवाला सांगितलेल्या नदीचा हिशेब त्यात नाही आणि तो ठेवायची सोय आज आपल्या हाती आहे. पहिलं पुस्तक कुठून सुरू करायचं असं मला विचाराल, तर मी रोझव्याहून म्हणेन.

स्थानिक गोष्टी म्हटल्या की जंगल, वाघ आणि ढोल एवढंच चित्र काढण्याची एक सवय आहे. तिच्यापासून सावध राहायला हवं. आमची मुलं आजच्या काळात जगतात. उसाच्या फडातलं पालाचं घर, कारखान्यावरच्या बैलगाड्या, बापाच्या मोबाईलवरची गाणी, नर्मदेच्या फुगवट्यातून येणारा तरंगता दवाखाना, केळीच्या बागेत मजुरीला जाणारी आई, धडगावच्या आमचूरासाठी घरासमोर वाळत घातलेल्या कैऱ्यांच्या फोडी, वसतिगृहात पहिल्या रात्री न आलेली झोप, या सगळ्यांच्या गोष्टी व्हायला हव्यात. विशेषतः त्या शेवटच्या गोष्टीची. घरापासून तुटून आश्रमशाळेत आलेल्या सहा वर्षांच्या मुलीला, तिच्यासारखीच दुसरी एक मुलगी पुस्तकात रडताना आणि मग हळूहळू रुळताना दिसली, तर त्या पुस्तकानं वाचनाच्या पलीकडचंही काम केलेलं असेल.

हे सगळं नवं नाही. आपल्याच महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांच्या बालवाड्या चालवल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून शाळा कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. बिया, शिंपले, पानं, खडे हीच साधनं केली. त्याच जिल्ह्यात आज ‘क्वेस्ट’ ही संस्था आश्रमशाळांत नटांकरवी गोष्टी सादर करून मुलांना पुस्तकांपर्यंत आणते. आणि आपल्या डोंगरात, नर्मदेच्या काठावर, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा चालल्या. चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत, जिथे सरकारी शाळा कागदावर होत्या. तिथले गुरुजी त्याच पाड्यांवरचे होते आणि वर्गात पावरी बोलली जायची. आंदोलनाविषयी कोणाचं काही मत असो, घरच्या भाषेतून शिकवलेलं मूल मराठीतही पुढे जातं हा अनुभव आपल्याच तीन तालुक्यांत घेऊन झालेला आहे. तो घेतलेली माणसं अजून इथे आहेत. त्यांना बोलवा.

बाहेरही असंच दिसतं. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेनं माओरी मुलांना इंग्लंडातल्या घरांची चित्रं असलेली पुस्तकं वाचताना अडखळताना पाहिलं. तिनं रोज सकाळी प्रत्येक मुलाला त्याच्या मनातला शब्द विचारायला सुरुवात केली, तो जाड कागदावर लिहून त्याच्या हाती दिला आणि त्या शब्दांची पुस्तकं स्वतः बनवली. तिचं ‘टीचर’ हे पुस्तक 1963 मध्ये आलं. साठ वर्षं होऊन गेली. ओडिशा सरकारनं 2006 च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आणि पाठ तिथल्याच शिक्षकांकडून लिहून घेतले. आफ्रिकेत 2014 पासून शिक्षक आणि ग्रंथपाल आपापल्या भाषांत मुलांच्या गोष्टी लिहून मुक्त परवान्यानं सगळ्यांना देतात. आपल्याकडे ‘प्रथम बुक्स’नं 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ तशाच परवान्यानं खुलं केलं. 2018 मध्ये सीजीनेट स्वरा या उपक्रमाबरोबर गोंडीत मुलांची पुस्तकं आली. म्हणजे कशी करायची ही पद्धत तयार आहे. गोंडीला जे जमलं ते भिलीला, म्हणजे आपल्या देहवाली-पावरीला, जमायला हवं. 2011 च्या जनगणनेत भिली आणि तिच्या बोली मातृभाषा म्हणून सांगणारे देशात एक कोटीहून जास्त लोक होते. आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही, म्हणून तिच्या पुस्तकांसाठी दिल्ली-मुंबईहून काही येईल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

खानदेशात तर याचा सगळ्यांत मोठा दाखला घरचाच आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या आज मराठीचं धन आहेत, कारण घरात त्यांचे चिरंजीव सोपानदेव होते आणि ते लिहून ठेवणारे होते. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवर अशा किती बाया दळताना, निंदताना, मुलाला झोपवताना काय काय बोलून गेल्या असतील? त्यांच्या घरात सोपानदेव नव्हते, एवढाच फरक. आता आहेत. डी.एड. झालेली, बी.ए. झालेली त्यांचीच नातवंडं तळोद्यात, शहाद्यात, नंदुरबारला नोकरीच्या अर्जांच्या रांगेत उभी आहेत.

पालकांचा एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो मी हलका मानत नाही. ‘गुरुजी, घरची भाषा तर पोराला येतेच. ती शिकायला शाळेत कशाला धाडू? त्याला मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा.’ ज्यांना तलाठ्यासमोर, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात मराठी नीट न आल्यानं आयुष्यभर मान खाली घालावी लागली, त्यांचं हे म्हणणं आहे. त्यांना माझं सांगणं असं की ही पुस्तकं मराठीसाठीच आहेत. एका पानावर वर देहवालीतली ओळ, खाली तीच मराठीत. मूल वरच्या ओळीतून अर्थ घेतं आणि खालच्या ओळीतून मराठी. पाया घरच्या भाषेत पक्का झालेलं मूल तिसरीत मराठीचा धडा स्वतःच्या बळावर वाचेल. पालकांना हे सभेत सांगून पटणार नाही. त्यांच्या पोरानं त्यांच्यासमोर पुस्तक वाचून दाखवलं की पटेल. संविधानाचं कलम 350-अ, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 आणि 2020 चं शैक्षणिक धोरण, तिन्ही ठिकाणी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद आहे, त्यामुळे आपल्याला वरून मनाई होण्याचा प्रश्न येत नाही.

दुसरी अडचण खरी आहे: कोणती भाषा? अक्कलकुव्याकडे देहवाली, धडगावकडे पावरी, तळोद्याच्या सपाटीवर दोन्ही आणि शिवाय अहिराणी, गुजरांची बोली. एकाच आश्रमशाळेत दोन-तीन बोलींची मुलं असतात. यावर एक ‘प्रमाण भिली’ ठरवण्यासाठी समिती नेमली तर पुढची पाच वर्षं समितीतच जातील. तसं करू नये. गोष्ट ज्या पाड्यावर मिळाली त्या पाड्याच्या बोलीत छापावी, मागे गावाचं नाव द्यावं. दुसऱ्या बोलीतली मुलं ती चित्रावरून आणि मराठीवरून वाचतील. मुलांना शेजारच्या बोलीची अडचण होत नाही, ती खेळात ती बोली उचलतातच. देवनागरीत काही उच्चार नेमके बसत नाहीत, हेही खरं. बोलणारी चार माणसं बसवून, मुलाला वाचायला सोपं पडेल ते लेखन धरावं आणि पुढच्या आवृत्तीत सुधारावं. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे आणि 2013 च्या भाषिक लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात या बोलींवर काम झालेलं आहे, त्याचा आधार घेता येईल.

गोष्टी गोळा करताना एक पथ्य मात्र कडकपणे पाळायला हवं. सगळ्या गोष्टी सगळ्यांसाठी नसतात. काही गायनं पूजेतच होतात, ठराविक रात्रीच होतात, ठराविक माणसानंच करायची असतात. ती छापू नयेत. काय छापायचं आणि काय नाही, हे सांगणाऱ्यानं आणि गावानं ठरवावं. पुस्तकावर सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि साल यावं, ‘संकलन’ म्हणून दुसऱ्याचंच नाव मोठ्या टायपात येऊ नये. मानधन द्यावं. पहिली छापील प्रत त्याच्या घरी नेऊन द्यावी. आणि गोष्टीच्या शेवटी तात्पर्य जोडण्याचा मोह आम्हा शिक्षकांना होतो, तो आवरायला लावा. कोल्हा जिंकला तर जिंकू द्यावा. मोहाचं नाव आलं की दारूबंदीचा परिच्छेद घालायचा, शिकारीचं नाव आलं की वन्यजीव संरक्षणाचा, असं केलं की मूल ओळखतं की ही आजीची गोष्ट नव्हे, गुरुजींची आहे.

आता पैशाचं आणि कागदाचं. आपल्याकडे केंद्रवर्ती अर्थसंकल्प म्हणजे न्यूक्लिअस बजेट आहे. स्थानिक गरज ओळखून प्रकल्प स्तरावर काही करता यावं, याच हेतूनं ते ठेवलेलं आहे. तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तिन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात पूर्णपणे येतात, त्यामुळे ग्रामपंचायतींकडे पेसा कायद्याखालचा पाच टक्के अबंध निधी येतो आणि त्यात शिक्षणाचा खर्च बसतो. आठ किंवा सोळा पानांचं, मोठ्या टायपाचं, मध्ये पिना मारलेलं रंगीत पुस्तक ही काही अवाढव्य गोष्ट नाही. जिल्ह्यातल्या छापखान्यांत ते होऊ शकतं. पहिल्या वर्षी वीस पुस्तकं करा, पण प्रत्येक पुस्तक छापण्याआधी पहिली-दुसरीच्या मुलांपुढे कच्च्या रूपात वाचून बघा. जिथे मुलं चुळबुळ करतील तिथली ओळ काढा. जिथे ती पुढची ओळ आपणहून म्हणतील तिथे ती ओळ पुन्हापुन्हा येऊ द्या. लहान मुलाचं वाचन अशा परत येणाऱ्या ओळींवर धावतं. चित्रं मुंबईच्या चित्रकाराकडून मागवू नका. आपल्या घराची कुडाची भिंत, कणगी, उखळ, आजीच्या पायातलं कडं कसं असतं हे इथल्याच हाताला नेमकं माहीत आहे.

आणि एक आदेश आपण जरूर काढा. शाळांत आजही पुस्तकं आहेत, ती कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे. शिक्षकांना दोष देऊ नका. पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरला चढतं आणि हरवलं तर वसुली होईल, तपासणीत ताशेरे येतील, ही भीती त्यांना असते. त्यामुळे सगळ्यांत सुरक्षित पुस्तक म्हणजे न उघडलेलं पुस्तक. या मालेतली पुस्तकं वापरून फाटली, हरवली, मुलानं घरी नेली तर ती मुख्याध्यापकांच्या सहीनं निर्लेखित करता येतील, कोणाच्याही पगारातून काही कापलं जाणार नाही, असं लेखी द्या. ऊसतोडीला निघालेल्या मुलाच्या पिशवीत दोन पुस्तकं घालून द्या. ती परत आली नाहीत तर फडावर कोणीतरी ती वाचतं आहे, असं समजू.

देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. देशात सगळ्यांत आधी आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचं नाव छापून त्याच्या हाती आलं. तेव्हा सगळी यंत्रणा एका छोट्या गावापर्यंत आली होती, म्हणजे ठरवलं तर येता येतं. इथल्या घरांमधल्या मुलांसाठी आजीची गोष्ट, तिच्या नावानिशी, छापून आणणं त्याहून कितीतरी सोपं आहे. त्याला ना बोटांचे ठसे लागतात, ना नेटवर्क.

माझी विनंती अशी की धनत्रयोदशीच्या आधी पहिली बैठक बोलवावी, म्हणजे अस्तंब्याच्या यात्रेत आणि दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांना आणि कॉलेजच्या मुलांना गोष्टी लिहून घेता येतील. होळीपर्यंत निवड आणि चित्रं, एप्रिलमध्ये मुलांपुढे वाचन, मे महिन्यात छपाई. बैठक कार्यालयात ठेवण्याऐवजी तळोद्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी बाजाराजवळच्या एखाद्या शाळेत ठेवावी. डोंगरातून उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वेगळी खेप पडणार नाही आणि गाडीभाड्याचाही प्रश्न मिटेल. निरोप पाड्यांपर्यंत पोचवण्याचं आणि आलेल्या माणसांच्या चहापाण्याचं आम्ही तळोद्यातले निवृत्त शिक्षक बघतो. तारीख तेवढी आपण कळवावी.

आपला,
तळोदा तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक